बारा अक्षरांचा शिक्का

१

सून घरी आली ती हातात एक पाय घेऊन.

पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो पाय गुडघ्यापर्यंत बाहेर डोकावत होता. राखाडी प्लास्टिकचा, पोलादी सांध्याचा. त्याच खोक्यात तिचा पाण्याचा पेला, दोन स्क्रूड्रायव्हर आणि घडी घातलेलं एक पत्र. दुपारचे तीन वाजले होते. एरवी ती सहाच्या आधी कधी घरात दिसत नसे.

"काय झालं गं?" सासूनं विचारलं.

"काढून टाकलं मला."

सासूला सगळी गल्ली ऑपरेटरबाई म्हणायची. एकतीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडले होते. आवाज ऐकून माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय, हे तिला कळायचं. तिनं सुनेला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि पत्र उघडलं. 'विश्वासघात' हा शब्द त्यात दोनदा होता.

सून कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करायची. जिना उतरताना लचकणार नाही असा गुडघा तिनं दोन वर्षं खपून तयार केला होता. आणि आता तोच गुडघा दुसऱ्या एका कार्यशाळेनं आपला म्हणून प्रदर्शनात मांडला होता. योगायोगाची गोष्टच नव्हती. तिनं चाचणीसाठी पाडलेलं आणि चित्रातून पुसायला विसरलेलं दोन मिलिमीटरचं भोकसुद्धा त्यात जसंच्या तसं होतं.

"म्हणजे चित्र इथूनच गेलं," सून म्हणाली. "साहेबांनी नोंद काढायला लावली. दीड महिन्यापूर्वीच्या एका मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी फाइल कॉपी झाली. माझ्या नावानं, माझ्या पासवर्डनं, माझ्या टेबलाजवळच्या नेटवर्कच्या सॉकेटमधून. आणि आई, पाच-बाराला मी टेबलावर नव्हतेच. फिटिंगच्या खोलीत एका म्हाताऱ्याला पाय बसवत होते."

"तुझा पासवर्ड कुणाला ठाऊक?"

"घराबाहेर कुणालाच नाही."

पत्राला टाचलेल्या कागदावर एकच ओळ छापलेली होती. तारीख, वेळ, तिचं नाव, सॉकेट सदतीस, आणि शेवटी बारा अक्षरांचं काहीतरी अगम्य.

मुलगा साडेसहाला आला. लहानपणी गल्लीतल्या पोरांवर हुकूम सोडायचा म्हणून बापानं त्याला कप्तान म्हणायला सुरुवात केली होती, ते नाव चाळिशीतही टिकलं होतं. तो बायकोला आणायला रोजच्यासारखा कार्यशाळेत गेला आणि तिथे त्याला बातमी कळली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं ते बरंच झालं म्हण. तिकडे दोनशे किलोमीटरवर नव्या शाखेची प्रमुख होऊन एकटी राहणार होतीस. आता घरी राहा. जिवाला आराम दे."

सुनेनं पत्र पुन्हा घडी घालून खोक्यात ठेवलं. थोड्या वेळानं तिच्या वडिलांचा फोन आला. जन्मभर शाळेत मुख्याध्यापक होते ते. त्यांनी तब्येत विचारली नाही, काही नाही. फोनमधून त्यांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "खरं सांग, तू केलंस का?"

त्यानंतर दोन दिवस तिनं फोन बंद करून ठेवला. तिसऱ्या दिवशी ऑपरेटरबाई साडी बदलून कार्यशाळेत गेली आणि साहेबांच्या समोर तो कागद ठेवून म्हणाली, "ही ओळ मला समजावून सांगा."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता, पण हसला. "बाई, हे नेटवर्किंगचं आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"मग शिकते," ती म्हणाली. "आणि ज्यानं हे केलंय त्याची मी अशी खोड मोडीन की त्याला स्वतःचं तोंड लपवायला जागा राहणार नाही."

२

कचेऱ्यांतून निघालेले जुने कम्प्युटर विकणाऱ्या दुकानातून तिनं एक काळा, जड डबा आणला आणि घरातल्या पॅसेजमध्ये चपलांच्या स्टँडवर ठेवला. त्याला म्हणायचं सर्व्हर. तो दिवसभर घोंघों करायचा.

"कशाला हे लोढणं?" कप्तान म्हणाला. "या वयात?"

"ज्या वाटेनं चोर आला ती वाट कशी असते ते मला बघायचंय."

तिनं पुस्तकं आणली, व्हिडिओ पाहिले, वहीत आकृत्या काढल्या. तीनदा सगळं पुसून पुन्हा बसवलं. एकदा असं काही बिघडवलं की घरातल्या एकाही फोनला इंटरनेट मिळेना. कप्तानचं ऑफिसचं काम अडलं. शेवटी तो चरफडत उठला, हॉलच्या खणातून केबल काढली आणि आपला लॅपटॉप त्या डब्याशी जोडला. पडद्यावर पहिली नोंद उमटली तेव्हा ऑपरेटरबाईनं टाळी वाजवली.

"पहिलं गिऱ्हाईक!"

एक्स्चेंजची सवय सुटलेली नव्हती. सर्व्हर आपली नोंद आपण ठेवतो हे ठाऊक असूनही तिनं एक रजिस्टर आखलं आणि कोण कधी जोडलं गेलं ते पडद्यावरून हातानं उतरवून घेऊ लागली. सगळे रकाने, समजले तरी, न समजले तरी.

तिला शिकवायला एक माणूस आपणहून यायला लागला, आणि त्याचंच सगळ्यांना नवल वाटलं. तो कार्यशाळेतलं नेटवर्क सांभाळणारा होता. समजावून सांगायची खोड होती म्हणून त्याला मास्तर म्हणत. सुनेची राहिलेली छत्री द्यायला तो एका रविवारी आला, पॅसेजमधला डबा पाहिला आणि चपला काढून तिथेच जमिनीवर बसला. पुढच्या रविवारी पुन्हा आला.

"तो कागद यानंच काढून दिला साहेबांना," सून आतल्या खोलीतून म्हणाली. "कोणत्या तोंडानं येतो?"

"येऊ दे," ऑपरेटरबाई म्हणाली. "जवळ आलेला बरा. नजरेखाली राहतो."

तिसऱ्या रविवारी तिनं त्याला चहा दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मास्तर, भिंतीतलं सॉकेट म्हणजे आमच्याकडची लाइनच ना? सदतीस नंबरच्या लाइनवर कुणीही येऊन फोन लावू शकतो. मग बोललं कोण, हे कसं ओळखायचं?"

"यंत्रावरून. केबल ज्याला लावतात त्या प्रत्येक तुकड्यावर कारखान्यातच बारा अक्षरांचा शिक्का मारलेला असतो. दोन तुकड्यांचा शिक्का सहसा सारखा नसतो. तुमचं हे रजिस्टर बघा, हा चौथा रकाना."

ऑपरेटरबाईनं पदराला हात पुसले, कपाटातून तो टाचलेला कागद आणला आणि त्याच्या समोर धरला. ओळीच्या शेवटी बारा अक्षरं होती.

"मग हा शिक्का माझ्या सुनेच्या टेबलावरच्या कम्प्युटरचा आहे का?"

मास्तरनं कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

"बघून सांगतो," तो म्हणाला आणि उठला. पुढच्या रविवारी तो आला नाही.

३

ऑपरेटरबाई मग स्वतःच कार्यशाळेत गेली. दाराशी टेबल टाकून बसणारी बाई ओळखीची होती. तिनं कुरकुर न करता त्या मंगळवारची नोंदवही उघडून दाखवली. दोन पेशंट, एक चामडं पुरवणारा व्यापारी. व्यापारी चारलाच गेला होता.

"आणखी कुणी आलं होतं?"

"नाही. बाकी सगळी आपलीच माणसं."

वर सुनेच्या टेबलावर आता दुसरा माणूस बसला होता. पेशंटच्या पायांची मापं घ्यायचा म्हणून त्याला मापवाला म्हणत. सून गेल्यावर तिची खुर्ची आणि नव्या शाखेची बढती दोन्ही त्याच्याकडे आली होती. ऑपरेटरबाईला पाहून तो अर्धवट उभा राहिला.

"त्या दिवशी फिटिंगच्या खोलीत तुम्ही तिच्याबरोबर होतात," ती म्हणाली. "ती बाहेर गेली होती?"

"एकदा. पाना आणायला."

"किती वेळ?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"मी एकतीस वर्षं आवाज ऐकलेत," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात तरी मला ऐकू येतंय. किती वेळ?"

"पाना शेजारच्याच खोलीत होता. मी म्हाताऱ्याच्या पायाचा पट्टा सोडवेपर्यंत ती परत आली. मिनिटभरही नसेल."

"हे साहेबांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, बाहेर गेली होती का. मी हो म्हटलं. किती वेळ, ते विचारलं नाही त्यांनी."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

त्याचे कान लाल झाले. ऑपरेटरबाईच्या मनात आलं, याला इथेच, सगळ्यांसमोर उभा-आडवा झोडपावा. पण चोर हा नव्हता. पाच-बाराला हा फिटिंगच्या खोलीत होता. म्हाताऱ्यालाही तिनं फोन करून विचारलं, आणि त्यानंही तेच सांगितलं. दोघंही आपल्या समोर होते, पाना आणण्यापुरतं सोडलं तर. साहेब त्या आठवड्यात गावालाच नव्हते. मग तिच्या टेबलाशी बसून तिच्या नावानं दार उघडणारा उरला कोण? नेटवर्कच्या किल्ल्या ज्याच्या हातात, तो. रविवारी येऊन गोडगोड शिकवणारा आणि प्रश्न विचारल्यावर गायब झालेला.

ती जिना उतरली तर खालच्या पायरीवर मास्तर उभा होता. चेहरा उतरलेला.

"तुमच्याशी बोलायचंय," तो हळू आवाजात म्हणाला. "इथे नको. घरी येतो."

४

तो आला तो लॅपटॉपची पिशवी घेऊनच. ऑपरेटरबाईनं त्याला बसू दिलं नाही.

"आधी तुमचा लॅपटॉप माझ्या सर्व्हरला जोडा. केबलनं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, कारण समजलं, आणि मुकाट्यानं जोडला. नोंद उमटली. तिनं कागद शेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहिलं. एकही जुळत नव्हतं.

"झालं समाधान?" मास्तर म्हणाला. "आता माझं ऐका. तो शिक्का सुनबाईंच्या कम्प्युटरचा नाही. परवा मी टेबलाखाली शिरून वाचून आलो."

"परवा? आणि तिला काढलं तेव्हा?"

"तेव्हा बघितलंच नाही. साहेब घाईत होते. नाव तिचं, पासवर्ड तिचा, सॉकेट तिचं. मी कागद काढून दिला आणि जेवायला गेलो. नंतर मला ते टोचत राहिलं. म्हणून तर रविवारी येत होतो. सांगायची हिंमत होत नव्हती."

"तुमच्या जेवणापायी माझ्या सुनेला बापानं चोर म्हटलं," ऑपरेटरबाई म्हणाली. ती ओरडली नाही. मास्तरला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तो खाली मान घालून पुढे सांगू लागला. शिक्क्याची पहिली सहा अक्षरं ज्यानं तो तुकडा बनवला त्या कंपनीची असतात. ही कंपनी कम्प्युटर बनवतच नाही. फक्त बोटभर लांबीचे अडॅप्टर बनवते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला केबल लावायला तोंड नसतं. त्यांना हा अडॅप्टर मध्ये लावावा लागतो. म्हणजे कुणीतरी सुनेच्या कम्प्युटरची केबल उपसली, आपल्या पातळ लॅपटॉपला लावली, आणि काम झाल्यावर होती तशी परत लावून ठेवली.

"माझा लॅपटॉप जाडजूड आहे, बघताय ना. मापवाल्याकडे लॅपटॉपच नाही. आमच्याकडे असा कुणाकडेच नाही. म्हणजे बाहेरचा माणूस. पण बाहेरचं कुणी आलंच नाही त्या दिवशी!"

ऑपरेटरबाई सवयीनं मास्तरची नोंद करायला रजिस्टर उघडत होती. कागद अजून डाव्या हातात होता. नवी ओळ लिहिण्याआधी तिचं बोट उगाच चौथ्या रकान्यावरून वर वर सरकत गेलं. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीशी थांबलं.

तिनं कागदाकडे पाहिलं. पुन्हा रजिस्टरकडे पाहिलं. एकेक करत बाराही अक्षरं ताडून पाहिली.

मग तिनं रजिस्टर मिटलं.

"मास्तर, लॅपटॉप जोडला की तो आपलं नावही सांगतो ना? माझ्याकडे पाचव्या रकान्यात येतं ते?"

"सांगतो. आमच्याकडेही ती नोंद वेगळी असते. जुनी आहे, पण साठवणीत सापडेल."

"मला त्या मंगळवारची आणून द्या. आणि कुणाला एक अक्षर बोलू नका. माझ्या घरातही नाही."

५

हॉलच्या खणात, रबरबँड आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खाली तो अडॅप्टर होता. पांढरा, बोटाएवढा. ऑपरेटरबाईनं भिंगाखाली धरून पाठीवरची अक्षरं वाचली आणि खण बंद केला.

तुकडा घरातला होता, म्हणजे माणूसही घरातला. पण खण नवरा-बायको दोघांचा होता, आणि तिच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. सुनेनंच नेला असेल तर? आपण महिनाभर जिच्यासाठी पेटून उठलोय, तीच आपल्याला खेळवत असेल तर? त्या दुपारी सून समोर बसून पालेभाजी निवडत होती आणि ऑपरेटरबाई तिच्या हातांकडे बघत राहिली. स्वतःची तिला लाजही वाटली, पण बघणं काही थांबलं नाही.

संध्याकाळी सून दुकानात गेल्यावर तिनं अडॅप्टर कप्तानच्या समोर टेबलावर ठेवला.

"हे कुणाचं रे?"

"तिचं. ऑफिसला घेऊन जायची कधीकधी."

"तिच्या टेबलावर तर मोठा कम्प्युटर. त्याला हे कशाला लागतं?"

कप्ताननं अडॅप्टर उलटसुलट करून पाहिला. मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणून म्हणाला, "आई, एक सांगू? तू वाईट वाटून घेऊ नकोस. मला पहिल्यापासून वाटतंय, तिनंच केलं असावं. पण मी तिला काही बोललो नाही. माफ करून टाकलंय."

ऑपरेटरबाईनं त्या आवाजात जे ऐकलं ते तिला ऐकायचं नव्हतं. फार गुळगुळीत होता तो. लहानपणी शेजारच्यांची काच फोडून दुसऱ्या पोराचं नाव सांगायचा, तेव्हाचा.

"त्या मंगळवारी तू तिला आणायला किती वाजता गेलास?"

"सहाला. रोजच्यासारखा. का?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कार्यशाळेच्या दाराशी बसणाऱ्या बाईला फोन केला. "तुम्ही म्हणालात, बाकी सगळी आपलीच माणसं. त्या मंगळवारी आपल्यापैकी वर कोण गेलं होतं? वहीत न लिहिलेलं कुणी?"

"अहो, तुमचेच चिरंजीव की! त्या दिवशी जरा लवकर आले होते, पाचलाच, खांद्याला लॅपटॉप लावून. मी म्हटलं, मॅडम फिटिंगला आहेत, तर म्हणाले वर टेबलाशी बसतो. जावईबापूच ते आमचे, त्यांची काय नोंद करायची?"

दुपारी मास्तरनं कागद आणून दिला आणि दारातूनच परत गेला. मंगळवार, पाच वाजून नऊ मिनिटं, सॉकेट सदतीस. तोच शिक्का. पुढच्या रकान्यात यंत्राचं नाव: कप्तान.

ती बराच वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. नऊ महिने पोटात वागवलेला पोर. त्याच्या तापात तिनं जागरणं केली होती. कागद फाडला तर कुणाला काय कळणार होतं? मास्तर भित्रा होता, दारातली बाई विसरून गेली असती. तिनं कागद दोन्ही हातांत धरलाही. मग आतून सुनेचा आवाज आला. ती फोनवर बापाला सांगत होती, "बाबा, मी नाही केलं हो. कसं सांगू?" महिनाभरात हेच वाक्य तिनं कितव्यांदा म्हटलं असेल, देव जाणे.

ऑपरेटरबाई उठली आणि आत गेली.

"तुझा पासवर्ड कप्तानला ठाऊक होता?"

"त्यानंच तर बनवून दिला होता," सून म्हणाली. आणि सासूचा चेहरा पाहून तिच्या हातातला फोन खाली आला. "आई... का विचारताय?"

६

साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं, कारण ऑपरेटरबाईनं त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की ती ओळ मला आता समजली आहे. साहेब, मास्तर, मापवाला, दाराशी बसणारी बाई आणि सून टेबलाभोवती बसले. कप्तानला तिनं 'तिची उरलेली कागदपत्रं आणायची आहेत, चल' म्हणून बरोबर आणलं होतं. त्याला दाराकडे पाठ येईल अशी खुर्ची तिनं दिली आणि स्वतः दारासमोर उभी राहिली.

तिनं मापवाल्याला पान्याची गोष्ट सांगायला लावली. मास्तरला शिक्क्याची. मापवाला बोलताना दोनदा अडखळला, आणि साहेबांची मान प्रत्येक वाक्याला खाली गेली. मग तिनं रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं आणि रुमालात बांधलेला तो पांढरा अडॅप्टर त्याच्या शेजारी.

"हा शिक्का तुमच्या कागदावर आहे, माझ्या रजिस्टरवर आहे आणि या तुकड्याच्या पाठीवर आहे. तुकडा माझ्या घरच्या खणातला. म्हणजे चोर माझ्या घरातला. माझ्याशिवाय घरात दोघंच. सून त्या वेळी दोन माणसांच्या नजरेसमोर होती. आणि तुकडा नुसता चालत नाही, त्याला लॅपटॉप लागतो. तो स्वतःचं नाव सांगतो." तिनं मास्तरचा कागद पुढे सरकवला. "वाचा साहेब, मोठ्यानं."

साहेबांनी वाचलं. दाराशी बसणाऱ्या बाईनं तोंडावर हात ठेवला.

"वेडी झालीयेस का, आई?" कप्तान उठला. "माझा लॅपटॉप तिनं नेला असेल!"

"त्या दिवशी पाच वाजता तू तो खांद्याला लावून जिना चढलास. दाराशी बसणाऱ्या या बाईंनी पाहिलंय. मला तू सहा सांगितलंस."

तो दाराकडे वळला. दारात आई होती.

"बस खाली," ती म्हणाली. आणि तो बसला.

सुनेनं तोवर एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"का?"

त्यानं बोटं मोडली. मग सगळं भडाभडा आलं. ती प्रमुख होणार, दुसऱ्या गावी राहणार, लोक तिच्या नावानं ओळखणार आणि तो शनिवार-रविवारी पाहुण्यासारखा तिच्या दारात जाणार. तिला नको म्हणायला सांगून पाहिलं होतं, ती ऐकत नव्हती. मग त्यानं ते चित्र एका खोट्या नावाच्या ईमेलनं त्या दुसऱ्या कार्यशाळेला पाठवून दिलं. "मला वाटलं, नुसती बढती थांबेल. काढून टाकतील असं वाटलं नव्हतं. मला फक्त तू घरी हवी होतीस."

"मी महिनाभर घरीच होते," सून म्हणाली. "मी रडायचे आणि तू मला चहा करून द्यायचास."

एवढंच बोलून ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. साहेब तिच्याकडे गेले. हात जोडून त्यांनी माफी मागितली, खुर्ची परत घ्या म्हणाले, नवी शाखाही. मापवाला म्हणाला, मी आजच टेबल रिकामं करतो. मास्तर मान खाली घालून टेबलावरचे कागद गोळा करत राहिला.

"मी उद्याच तिकडच्या शाखेत जाते," सून खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला आज लेखी द्या. आणि ते चित्र माझं आहे, हे त्या दुसऱ्या कार्यशाळेला पण लेखी कळवा."

साहेबांनी लगेच कागद ओढला. मग कप्तानकडे बघून ऑपरेटरबाईला म्हणाले, "याचं काय करायचं? पोलिसांत देऊ?"

"ते तुम्ही आणि ती ठरवा, मी आड येणार नाही," ती म्हणाली. "पण आजची दुपार तो माझा आहे."

७

घरी आल्यावर तिनं कप्तानला हॉलमध्ये फोनसमोर बसवलं आणि स्वतः शेजारची खुर्ची घेतली. सून आत बॅग भरत होती. कपाटाची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता.

ऑपरेटरबाईनं एका कागदावर नावं लिहून आणली होती. गेल्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी तिच्या सुनेला चोर म्हटलं होतं, किंवा म्हटलं नसलं तरी तसं बघितलं होतं, ते सगळे. दोन्हीकडचे काका, नणंदेचं सासर, समोरच्या वकीलबाई, तिची कॉलेजातली मैत्रीण जिनं फोन उचलणं बंद केलं होतं. सगळ्यांत वर तिचे वडील.

"आई, मी पाया पडतो तुझ्या," कप्तान म्हणाला. "तिची माफी मागेन, तू म्हणशील ते करीन. पण हे नको. मला पुन्हा कुणाला तोंड दाखवता येणार नाही."

"तिलाही येत नव्हतं."

"मी तुझा मुलगा आहे!"

"आहेस ना. म्हणून तर मी स्वतः जोडून देतेय."

तिनं पहिला नंबर लावला. पलीकडून मुख्याध्यापकांचा जड आवाज आला. तिनं फोन मुलाच्या हातात दिला आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. मग तो म्हणाला, "बाबा, ती चोरी मी केली होती. तिनं नाही. मी."

आत कपाटाचा आवाज थांबला. मग पलीकडून म्हाताऱ्याचं रडणं ऐकू यायला लागलं. सून बाहेर आली, नवऱ्याकडे न बघता त्याच्या हातातून फोन घेतला आणि तो घेऊन आत गेली. दार लागलं. दाराआडून तिचा आवाज येत राहिला, बऱ्याच दिवसांनी न थरथरणारा.

ऑपरेटरबाईनं वाट पाहिली. फोन परत आल्यावर पहिल्या नावावर काट मारली आणि दुसरा नंबर लावला.

सहाव्या फोननंतर तो रडला. आठव्यानंतर त्यानं टेबलावर डोकं टेकलं. तिला वाटलं होतं, आपल्याला हे बघवणार नाही. बघवलं. आपल्या पोटच्या पोराचा पाणउतारा होताना तिच्या छातीत दुखत होतं आणि गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच तिला बरंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

"पुरे आता," कप्तान घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घसा बसला माझा, आई."

तिनं उठून त्याला पेलाभर पाणी आणून दिलं. त्यानं ते पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत ती उभी राहिली.

मग तिनं नववा नंबर लावला.